५१४ मायक्रॉनची शिल्लक

अकोल्याच्या जुन्या शहरात जयहिंद चौकाच्या अंगाला एक चष्म्याचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. गिऱ्हाईक आत आलं की दुकानाच्या काकांना स्टूल मागे सरकवावं लागतं. समोरच्या कपाटात फ्रेमा, भिंतीवर अक्षरांचा पिवळा पडलेला तक्ता, आणि कोपऱ्यात काच घासायचं चाक. चाकावर पाण्याची बारीक धार सोडलेली असते. फ्रेमच्या मापाची काच यंत्रातून कापून मिळायला लागली त्याला बरीच वर्षं झाली, पण काका अजून हातानेच घासतात. दोन-तीन फेऱ्या झाल्या की काच पुसायची, फ्रेमला लावून बघायची, पुन्हा चाकावर धरायची. शाळेत असताना माझा पहिला चष्मा त्यांनी असाच बसवला होता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘नजर’ हा विषय दिला, त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. भाचीला चष्मा घालवायचा आहे, मायनस साडेसहा नंबर आहे, आणि लेसरमधलं कोणतं चांगलं हे मामाने चौकशी करून सांगायचं आहे. तिच्या पाठच्या भावाचा नंबर दोन. ताईचं होतंच आहे तर माझंही करून टाका, असं त्याचं म्हणणं. बहिणीने सकाळच्या पेपरातून पडलेली जाहिरातींची पत्रकं जपून ठेवली होती. त्यांवर लॅसिक होतं, ब्लेडलेस लॅसिक होतं, काँटुरा होतं, स्माइल होतं, फ्लॅपलेस होतं, पीआरके होतं. साडीच्या दुकानात गेल्यासारखं झालं होतं तिला.

ती पत्रकं मी काकांना दाखवली. त्यांनी एकेक वाचून परत दिलं आणि हातातली काच चाकावर धरली.

“आम्ही काच घासतो, हे डोळा घासतेत. काम एकच आहे, भाऊ. पण माह्याकडून जास्त घासल्या गेली तं मी दुसरी काच घेतो. यायनं दुसरी कुठून आणावं?”

पुढचे दोन महिने मी हेच एक वाक्य घेऊन हिंडलो.

नंबर म्हणजे नेमकं काय

डोळ्यात शिरणारा प्रकाश मागच्या पडद्यावर नीट येऊन टेकला, तर दिसतं स्वच्छ. तो वळवायचं बरंचसं काम डोळ्याच्या अगदी पुढची पारदर्शक काच करते. आपण बोलताना तिलाही बुबुळच म्हणतो, डॉक्टर कॉर्निया म्हणतात, पाठ्यपुस्तकात ती पारपटल असते. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर धरली, तर त्यातले ४३ या एकट्या पारपटलाचे. आतल्या नैसर्गिक भिंगाकडे उरलेलं येतं.

लांबचं दिसत नाही अशा बहुतेकांच्या डोळ्यात पारपटलाचा काही दोष नसतो. डोळाच पुढून मागे थोडा लांब वाढलेला असतो. एक मिलिमीटरने लांबला की अडीच-तीन नंबर लागतो. प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो आणि पडद्यावर धूसर ठिपका पडतो. मायनस तीन नंबरवाल्याला चष्म्याविना हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही. त्याचं स्पष्ट जग ३३ सेंटिमीटरवर संपतं.

लांबलेला डोळा आखूड करता येत नाही. मग त्याच्या पुढची काच थोडी चपटी करायची, म्हणजे प्रकाश जरा मागे जाऊन टेकेल. मायनस नंबरासाठीची लेसर शस्त्रक्रिया कोणत्याही नावाची असो, पारपटलाच्या मधून थोडं मांस कमी करणं एवढंच ती करते. चष्मा जातो, पण डोळा लांबचा लांबच राहतो. मागचा ताणलेला पडदा तसाच ताणलेला राहतो, आणि जास्त नंबरवाल्याने तो पडदा वेळोवेळी तपासून घ्यायची गरज शस्त्रक्रियेनंतरही सुटत नाही. पत्रकांवर हे कुठेच नव्हतं.

अकोल्यात चष्मेवाल्या पोरांची वाण नाही. मोर्णा ओलांडून नव्या शहरात गेलं की क्लासेसच्या पाट्या सुरू होतात. बुलढाणा-वाशीमकडची पोरं नीट आणि जेईईच्या तयारीसाठी इथे खोल्या करून राहतात. सकाळी सातला क्लासात, रात्री अकराला पुस्तकात. वाढत्या वयात जवळचं काम फार आणि उघड्यावरचा उजेड कमी, असं झालं की डोळा लांबतो, हे आता जगभर मान्य झालं आहे. काका त्यांच्या भाषेत सांगतात, “पहिले चाळिशीचे चष्मे जास्त जायचे. आता पोट्टे येतेत. दर साली येतेत, अन् दर साली पाव-अर्धा वाढवून जातेत.”

सणातली उरलेली हाडं

लेसरने डोळा घासण्याच्या या विद्येचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. मद्रासमध्ये शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. एक्सायमर नावाचा अतिनील लेसर प्लास्टिकवर अतिशय स्वच्छ खाच पाडतो हे त्यांना दिसलं होतं. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी ते टर्कीच्या जेवणातले उरलेले तुकडे प्रयोगशाळेत घेऊन आले. हाड-कूर्चेवर १९३ नॅनोमीटरचा झोत टाकला. खाच पडली, पण कडा जळल्या नाहीत. दुसऱ्या, हिरव्या लेसरने केलेली खाच मात्र करपली. श्रीनिवासन, जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम या तिघांच्या नावावर ही नोंद आहे. पुढे १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर तोच झोत पारपटलावर वापरून पाहिला. एका ठोक्याला पाव मायक्रॉनच्या आसपास थर उडतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

दुसरा लेसर आला एका अपघातातून. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात अतिजलद फेम्टोसेकंद लेसरचा झोत गेला. त्याला तपासणारे तरुण डॉक्टर रॉन कुर्ट्झ पडद्यावरचा व्रण बघून थबकले. एवढा नेमका, आजूबाजूला काही न बिघडवणारा व्रण त्यांनी पाहिला नव्हता. हाच लेसर मुद्दाम वापरला तर, या विचारातून पारपटलाच्या आत सुरीविना काप घेणारी यंत्रं निघाली. असे तीव्र आणि क्षणिक झोत तयार करण्याची युक्ती शोधणाऱ्या डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आज पत्रकांवर जी नावं दिसतात ती या दोन लेसरांच्या जोरावर आहेत. एक वरून घासतो, दुसरा आतून कापतो.

वाटा तीन, नावं ढीगभर

तीनही वाटांनी गेलेली माणसं मला जुन्या शहराच्या आसपासच सापडली.

पहिला डाबकी रोडवरचा कबड्डी खेळणारा पोरगा. त्याचं पीआरके झालं. यात पारपटलावरची सर्वांत वरची नाजूक साल, ५० मायक्रॉनच्या आसपासची, खरवडून किंवा लेसरने काढतात आणि उघड्या पृष्ठभागावर एक्सायमर चालवतात. वरून एक साधी काँटॅक्ट लेन्स पट्टीसारखी ठेवतात. साल तीन-चार दिवसांत पुन्हा येते. मधले दिवस वाईट. “मिरचीच्या हातानं डोळे चोळल्यावानी,” तो म्हणाला. “तीन दिवस खोलीत अंधार करून पडलो. मायनं घास भरवला.” नजर स्वच्छ व्हायला त्याला महिना लागला. पण त्याच्या डोळ्यावर उचलला जाईल असा कसलाही पापुद्रा नाही. मैदानात कोपर लागलं तरी सरकायला काही नाही. खेळाडूंना ही वाट सुचवतात ती त्यासाठी. या प्रकारात नंतर पारपटलावर धुरकटपणा येण्याचा धोका असतो. नंबर जास्त असेल तर तो टाळायला शस्त्रक्रियेतच मायटोमायसिन हे औषध काही सेकंद लावतात.

दुसरे क्लासमध्ये गणित शिकवणारे सर. त्यांचं लॅसिक. यात आधी पारपटलाचा ११० मायक्रॉनच्या आसपास जाडीचा गोल पापुद्रा कापतात. एका बाजूने तो जोडलेलाच ठेवतात, म्हणजे पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा उघडतो. खाली एक्सायमर चालवतात आणि पापुद्रा परत मिटतात. टाके नाहीत. पापुद्रा पात्याने कापला तर साधं लॅसिक, फेम्टो लेसरने कापला तर ब्लेडलेस. सरांना दोन गोष्टी लख्ख आठवतात. डोळ्यावर कडं दाबलं तेव्हा क्षणभर सगळं काळं झालं, आणि मग केस जळल्यासारखा वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर चष्म्याविना वाचलं. “पण वर्षभर थेंबांची बाटली खिशात होती,” ते म्हणाले. पापुद्रा कापताना पारपटलातल्या बारीक नसाही कापल्या जातात. डोळा कोरडा पडला आहे ही वर्दी मेंदूला नीट पोचत नाही आणि पाणी सुटत नाही. नसा परत वाढायला महिने लागतात.

काँटुरा ही वेगळी वाट नव्हे. पारपटलाच्या पृष्ठभागाचा बारीक नकाशा काढून त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे एक्सायमर कुठे किती चालवायचा हे ठरवण्याची ती रीत. पापुद्रा उघडूनही ती करतात, पीआरकेसारखी वरूनही.

तिसरी बँकेत काम करणारी बाई. तिचं स्माइल. ही पद्धत जर्मनीत वॉल्टर झेकुंडो आणि मार्कुस ब्लुम यांनी २००७ च्या सुमारास रूढ केली. यात एक्सायमर नाहीच. फेम्टो लेसर पारपटलाच्या आतच भिंगाच्या आकाराची चकती मोकळी करतो आणि डॉक्टर दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून ती चकती हाताने बाहेर ओढून घेतात. लॅसिकच्या पापुद्र्याची कड वीसेक मिलिमीटर असते, त्यापुढे ही चीर फारच लहान. नसा कमी कापल्या जातात, सुरुवातीचा कोरडेपणा कमी राहतो. तिने सांगितलेलं वेगळंच होतं. “अर्धा मिनिट हिरव्या दिव्याकडे बघत राहायचं. मधेच दिवा दिसेनासा होतो आणि आपण कुठे बघतोय कळत नाही. त्या वेळी हलायचं नाही, बस.” डोळा हलला आणि यंत्राची पकड सुटली, तर काम अर्ध्यावर थांबवावं लागतं. पुढे थोडा नंबर उरला तर लॅसिकचा पापुद्रा पुन्हा उचलून दुरुस्ती करता येते. स्माइलमध्ये उचलायला पापुद्रा नसतो, दुरुस्तीसाठी बहुधा पीआरकेसारखं वरून घासावं लागतं.

मी तिघांनाही विचारलं, आता कसं दिसतं? तिघांचं उत्तर सारखंच. अभ्यासांमधूनही साधारण हेच निघतं. योग्य डोळा निवडला असेल तर काही महिन्यांनी तिन्ही वाटांची माणसं जवळपास एकाच ठिकाणी पोचलेली असतात. पहिल्या आठवड्याचा त्रास, कोरडेपणा, पापुद्रा आणि पैसे, फरक यांत आहे. बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं, आणि ते तिच्या काही कामाचं नव्हतं. ‘योग्य डोळा’ म्हणजे कोणता, हे तिन्ही माणसांना आणि सहाही पत्रकांना सांगता येत नव्हतं.

धंतोलीतला कागद

दोन्ही पोरांचे डोळे तपासायला पहाटेच्या विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही नागपूरला गेलो. दोन आठवडे आधीपासून भाचीने काँटॅक्ट लेन्स लावणं बंद केलं होतं. लेन्स पारपटलाला दाबून त्याचा आकार बदलते आणि मग मापं खोटी येतात, म्हणून ही अट. वय अठराच्या वर हवं आणि वर्षभरात नंबर हललेला नको, ही दुसरी.

धंतोलीतल्या एका नेत्रालयात सकाळभर फक्त मापं चालली होती. नंबर, डोळ्याचा दाब, अश्रू किती, अंधारात बाहुली किती मोठी होते, थेंब टाकून मागचा पडदा. आणि एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून काढलेला पारपटलाचा रंगीत नकाशा. चपटा भाग निळा, उभार भाग तांबडा. त्या नकाशाच्या कोपऱ्यात जाडीचा आकडा असतो.

डॉक्टरीण बाईंनी जुन्या रिपोर्टची पाठकोरी बाजू घेतली आणि आम्हाला हिशेब मांडून दाखवला. किराणा दुकानात यादीची बेरीज करतात तसा.

“हिची जाडी ४८८. लॅसिकचा पापुद्रा ११०. एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन घासावे लागतात, म्हणजे साडेसहाला ९१. उरले २८७. पापुद्र्याखाली २५० च्या खाली कोणी जात नाही, मी तर ३०० च्या खाली जात नाही. मिटलेला पापुद्रा दिसायला बसतो, पण पूर्वीसारखा भार घेत नाही, म्हणून तो शिलकीत धरायचा नाही.”

“मग स्माइल?” भाचीने विचारलं.

“चकतीची जाडी तेवढ्याच नंबराला जास्त लागते. १२० धर. वरचं झाकण १२०. चकतीच्या खाली उरले २४८. वरचं झाकण पूर्ण कापलेलं नसतं, त्यामुळे ते थोडी ताकद देतं असं म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण स्माइलनंतर पारपटल फुगल्याच्या नोंदीही आहेत.”

पीआरकेत पापुद्रा नाही. ४८८ मधून ९१ गेले तरी ३९७ उरतात, वरची साल परत येते ती त्यातच धरलेली. आकड्यांत हे बसत होतं. चांगला भाव असलेल्या दोन वाटा बंद आणि सगळ्यांत जुनी, दुखरी वाट उघडी, असं ते चित्र होतं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. नागपूरच्याच सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. विनय नांगिया यांनी जर्मनीच्या योस्ट योनास यांच्याबरोबर नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीवरच्या ४७११ माणसांचे डोळे तपासले. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने ते काम जगभर वाचलं जातं. त्यातून २०१० मध्ये छापून आलेली पारपटलाची सरासरी जाडी आहे ५१४ मायक्रॉन. पाश्चात्त्य पुस्तकांतून शिकलेला डॉक्टर ५४० च्या आसपासचा आकडा डोक्यात घेऊन आलेला असतो. मधले पंचवीस-सव्वीस मायक्रॉन म्हणजे जवळजवळ दोन नंबरांची घासाई. ज्या डोळ्यात तिकडे आठ नंबर सहज उतरवतील, तिथे आपल्याकडच्या सरासरी माणसाचं भांडवल सहाशीच संपू लागतं.

पातळ पारपटल म्हणजे कमजोर पारपटल असं मात्र नाही. ५०० च्या खालची कितीतरी पारपटलं जन्मभर घट्ट राहतात. कमजोरीचा खरा सुगावा आकारात लागतो. बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. भाचीच्या डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला तांबूस छटा होती, वरच्या बाजूला नव्हती.

“लहानपणी डोळे खाजायचे?”

बहिणीने मान डोलावली. चैत्र लागला की चालू. पोर दोन्ही मुठींनी डोळे चोळायची. उन्हाळ्यात अ‍ॅलर्जीने डोळे लाल होऊन खाजणं हे कोरड्या, धुळीच्या मुलखात घरोघरी दिसतं. कुणी त्याला आजार धरत नाही. पण वर्षानुवर्षं जोराने चोळलेलं पारपटल काहींमध्ये खालच्या अंगाला फुगू लागतं आणि शंकूसारखा आकार घेतं. त्याला केराटोकोनस म्हणतात. अशा डोळ्यातून लेसरने आणखी मांस काढलं तर फुगवटा वाढतो आणि नंतर कोणत्याही चष्म्याने धड दिसत नाही. भाचीला तो आजार झाला आहे असं बाई म्हणाल्या नाहीत. संशय आहे, एवढंच म्हणाल्या. संशयावर त्या लेसर लावत नाहीत. चोळणं पूर्ण बंद, अ‍ॅलर्जीचे थेंब, आणि वर्षाने पुन्हा हाच नकाशा. छटा वाढली तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून पारपटल घट्ट करण्याची प्रक्रिया. नाही वाढली, तर पारपटलाला हात न लावता डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, तीही आत पुरेशी जागा भरली तर.

भाचीच्या बाहुल्या थेंबांनी मोठ्या झाल्या होत्या. समोरचा कागद तिला वाचता येत नव्हता. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

हवा कोरडी, कावड ओली

एक्सायमरची खोली मला दारातून दाखवली. तिथे हवेचं तापमान आणि दमटपणा ठरलेला ठेवावा लागतो, कारण ओलावा बदलला की एका ठोक्याला उडणारा थर बदलतो. सेंट, अत्तर, डिओ लावून आत जायचं नाही. त्याची वाफ झोताच्या वाटेत येते. दिवसाच्या सुरुवातीला यंत्र आधी चाचणीच्या पट्टीवर चालवून बघतात. इतका सगळा बंदोबस्त त्या काही सेकंदांसाठी.

तिथून बाहेर पडलेला डोळा मात्र अकोल्याला येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवेत ओल म्हणून नाही, खिडकीतून कुलरचा झोत थेट तोंडावर. परीक्षा संपल्या की सुट्टीत उरकून घेऊ, म्हणून बहुतेक घरं नेमका हाच महिना धरतात. पीआरके झालेल्या डोळ्याला कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी धुरकटपणा येऊ शकतो, म्हणून काही महिने गॉगलशिवाय बाहेर पडू नये असं सांगतात. लॅसिकनंतर कोरडा पडलेला डोळा कुलरपुढे आणखी कोरडा होतो. कबड्डीवाल्या पोराने यावर साधा उपाय काढला होता. दिवाळीनंतर केलं.

बँकेतल्या बाईंच्या नवऱ्याची अडचण वेगळी होती. त्याचं लॅसिक ठरलं होतं आणि तो कावडीच्या मंडळात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालायचं. रात्रभर अनवाणी चाल, घाम, धूळ, गुलाल, आणि देवळाशी गर्दीची रेटारेटी. डॉक्टरांनी विचारलं, महिनाभर डोळ्यात नदीचं पाणी आणि गुलाल जाणार नाही, याची हमी देता का? त्याने शस्त्रक्रिया कार्तिकात ढकलली. देवाला टाळता येत नाही, डॉक्टरला पुढची तारीख देता येते, असा त्याचा सरळ हिशेब.

रेल्वेचा अर्ज

भाच्याचा डोळा मात्र नमुनेदार निघाला. नंबर दोन, जाडी ५४१, नकाशा दोन्ही डोळ्यांत सारखा. कोणतीही वाट घे, अशी मुभा. पोरगा खूश झाला. परत येताना गाडीत त्याने सांगितलं की चष्मा गेला की तो असिस्टंट लोको पायलटचा अर्ज भरणार. अकोला जंक्शनच्या रुळांना लागून वाढलेल्या पोरांना इंजिनचं वेड असतंच.

मी मोबाइलवर भरतीची जाहिरात उघडून त्याच्यापुढे धरली. या पदाला दोन्ही डोळ्यांनी चष्म्याविना ६/६ दिसावं लागतं. आणि त्याच कलमात पुढे लिहिलेलं असतं की लॅसिक किंवा नंबर घालवायची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार चालणार नाही. म्हणजे चष्मा आहे म्हणून बाद, आणि चष्मा घालवला म्हणूनही बाद. हवाई दलाच्या ज्या शाखांत शस्त्रक्रिया चालते, तिथे ती विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी, होऊन बारा महिने उलटलेले असावेत, पारपटल ४५० मायक्रॉनपेक्षा कमी उरलेलं नसावं आणि डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरच्या आत असावी, अशा अटी आहेत. नोकरीसाठी डोळा करणाऱ्याने आधी त्या नोकरीचं वैद्यकीय कलम वाचावं, एवढं तरी क्लासवाल्यांनी फळ्यावर लिहायला हरकत नाही.

भाचा मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, “मामा, मंग दोन नंबरासाठी कायले?”

याचं उत्तर त्याचं त्याने काढायचं आहे. मी माझं सांगितलं. माझा नंबर अडीच, वय पन्नाशीपुढे. पेपर वाचताना मी चष्मा काढून ठेवतो आणि अक्षरं स्वच्छ दिसतात. माझ्या वयाचे बिनचष्म्याचे मित्र त्याच वेळी खिशात वाचायचा चष्मा शोधत असतात. मायनस नंबर घालवला की चाळिशीनंतर ही सवलत जाते. विशीतल्या पोराला हे सांगून कळत नाही, आणि कळावं असंही नाही.

माझ्या एका प्राध्यापकांची मात्र मला आठवण आली. ऐंशीच्या दशकात, लेसर यायच्या आधी, पारपटलावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देऊन नंबर उतरवायचे. आरके म्हणायचे त्याला. सरांनी ते मोठ्या शहरात जाऊन करून घेतलं होतं आणि पहिली काही वर्षं ते भेटेल त्याला सांगत. पुढे त्यांना सकाळी एक नंबर आणि संध्याकाळी दुसरा लागायला लागला. अमेरिकेत अशा रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा ४३ टक्के डोळे उलट्या दिशेला, प्लसकडे, एक नंबर किंवा त्याहून जास्त सरकलेले आढळले. आजची लेसर शस्त्रक्रिया त्याहून फार नेमकी आहे, तिच्यामागे तीस वर्षांचा अनुभव आहे, आणि तिने खूश असलेली माणसं मी वर दाखवलीच. पण नंबर, जाडी आणि नकाशाचा आधीचा कागद जन्मभर जपून ठेवायचा असतो, हे बाईंनी बजावून सांगितलं होतं. घासलेल्या पारपटलावर डोळ्याचा दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि साठीत मोतीबिंदू काढताना आत घालायच्या भिंगाचं माप चुकू शकतं. त्या वेळच्या डॉक्टरला हा कागद लागतो.

पाच कागद

पुढच्या रविवारी भाचीला घेऊन मी काकांच्या दुकानात गेलो. चष्मा राहणार हे ठरल्यावर तिला निदान फ्रेम तरी मनासारखी हवी होती. साडेसहा नंबराची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. मोठ्या फ्रेममध्ये ती कड अंगठ्याएवढी बाहेर दिसते. काकांनी तिला लहान, गोलसर फ्रेम काढून दिली. तिने आरशात तीनदा बघितलं.

“काय म्हणे नागपूर?” काकांनी विचारलं.

तिने फाइल पुढे केली. काकांना त्यातला नंबर तेवढा वाचता आला. बाकीच्या आकड्यांवर बोट फिरवत ते ४८८ वर थांबले. हे काय, म्हणाले. डोळ्याच्या काचेची जाडी, मी सांगितलं. म्हणजे किती, त्यांनी विचारलं.

मला पटकन सांगता येईना. फाइलमधले झेरॉक्सचे कागद दिसले. असा एक कागद साधारण १०० मायक्रॉनचा. पाच कागद मोजून मी त्यांच्या हातात दिले. काकांनी ते जुळवून चिमटीत धरले, डोळ्याजवळ नेऊन कडेने बघितले, आणि त्यातला वरचा एक अंगठ्याने उचलून बाजूला केला. उरलेले चार पुन्हा दाबून पाहिले.

“यातून घासतेत?”

“हो.”

काकांनी कागद फाइलमध्ये होते तसे लावले. पाण्याची धार सुरू केली आणि भाचीच्या उजव्या डोळ्याची काच चाकावर धरली. एक फेरी झाली, त्यांनी काच पुसली, फ्रेमला लावून बघितली. पुन्हा एक फेरी, पुन्हा पुसली.